उभ्या घोड्याला गुंगी आणि वेदनाशमन: तपासणीपासून पूर्ण शुद्धीपर्यंत

गुंगी आलेला घोडा शांत दिसतो, म्हणून त्याला दुखणार नाही असं धरून सुई टोचली जाते, आणि नेमकी तेव्हाच लाथ बसते. ती लाथ डोळे उघडे असलेल्या घोड्याच्या लाथेइतकीच नेमकी असते. फरक एवढाच, की ती येण्याआधी कान मागे जात नाहीत, शेपूट हलत नाही. गुंगी आणि वेदनाशमन ही दोन वेगळी कामं आहेत. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. हा लेख पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि घोड्यांवर नव्याने काम करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आहे. घोडेमालकांनीही जरूर वाचावा, पण ही औषधं त्यांनी स्वतः टोचू नयेत.

उभ्यानेच काम करण्यामागे ठोस कारण आहे. घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं करणं धोक्याचं असतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात, पोटशूळाचे रुग्ण वगळूनसुद्धा, पूर्ण भुलीनंतर दगावण्याचं प्रमाण ०.९ टक्के आढळलं होतं. शुद्धीवर येताना धडपडून पाय मोडणं, पडून राहिल्याने स्नायू खराब होणं, हृदय थांबणं ही त्यातली मोठी कारणं. म्हणून दात काढणं, पापणी शिवणं, खच्चीकरण, गुदद्वाराजवळच्या शस्त्रक्रिया, दुर्बिणीतून पोटात केल्या जाणाऱ्या काही शस्त्रक्रियासुद्धा आता उभ्यानेच होतात.

आधी घोडा बघा, मग बाटली

तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग आणि दोन्ही बाजूंनी पोटाची घरघर. मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. हृदय किमान एक मिनिटभर ऐका. अधूनमधून एखादा ठोका गळणं तंदुरुस्त घोड्यातही आढळतं आणि जरा चालवलं की ते नाहीसं होतं; चालवूनही ताल अनियमितच राहिला तर बेत बदला. ताप असलेल्या घोड्याला अल्फा-२ गटातलं (झायलाझिन, डेटोमिडिनसारखं) गुंगीचं औषध दिल्यावर श्वास एकदम जोरात चालू शकतो, हे ठाऊक नसलं की पाहणाऱ्याची घाबरगुंडी उडते. पोटशूळाने शॉकमध्ये गेलेल्या किंवा रक्त गेलेल्या घोड्याला आधी सलाईन लागते, गुंगी नंतर आणि कमी.

वजन अंदाजाने ठरवू नका. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७. घेर १८० आणि लांबी १६५ आली तर वजन ४५० किलो. पुढचे सगळे हिशेब याच ४५० किलोच्या घोड्याचे आहेत.

वय, जात आणि अवस्था यांनीही डोस बदलतो. अवजड जातीच्या घोड्यांना किलोमागे कमी पुरतं. खेचराला झायलाझिन साधारण दीडपट लागतं. गाभण घोडीत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, झायलाझिनने गर्भाशयातला दाब वाढतो, म्हणून ते टाळलेलं बरं. काही आठवड्यांच्या शिंगराची तर गोष्टच वेगळी. त्याच्या हृदयाची क्षमता ठोक्यांच्या वेगावर अवलंबून असते आणि अल्फा-२ औषधं नेमका तोच वेग खाली आणतात. त्याला डायझेपाम किंवा मिडाझोलाम देऊन अलगद आडवं करणं जास्त सुरक्षित. हीच दोन औषधं मोठ्या घोड्याला उभं ठेवण्यासाठी मात्र एकटी देऊ नयेत. पाय ढिले पडतात, घोडा बावरतो आणि पडतो.

आणखी एक चौकशी विसरू नका: सध्या कोणती औषधं चालू आहेत? शिरेतून ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे प्रतिजैविक दिलेल्या घोड्याला डेटोमिडिन दिल्यावर हृदयाचा ताल बिघडून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. ही दोन्ही एकत्र कधीच नकोत.

जागा आणि माणसं

गुंगीचा निम्मा परिणाम जागेवर ठरतो. घाबरलेल्या, ओढाताण झालेल्या घोड्याच्या रक्तात ॲड्रेनलिन उसळलेलं असतं. अशा वेळी योग्य डोसही तोकडा पडतो आणि मग वाढवत नेलेला डोस शेवटी एकदम अंगावर येतो. घोड्याला ओळखीची जागा द्या, बिथरणार असेल तर त्याचा सोबती नजरेच्या टप्प्यात ठेवा. जमीन कोरडी आणि न घसरणारी हवी. कानात कापसाचे मोठे बोळे घाला, शेवटी ते काढायचे आहेत हे कुणाला तरी बजावून ठेवा.

खोडा, म्हणजे घोडा उभा धरून ठेवायची चौकट, असेल तर उत्तम, पण पुढचा अडसर एका झटक्यात उघडता आला पाहिजे. मोरखीचा दोर खोड्याला पक्का बांधू नका. घोड्याचे गुडघे वाकले आणि मान दोरावर लटकली तर श्वास कोंडतो. दोर मोतद्दाराच्या हातात, आणि मोतद्दार डॉक्टर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, खांद्याजवळ. समोर कुणीही नको, कारण गुंगीतला घोडा पुढे झोकांडतो. भिंत आणि घोडा यांच्यामध्ये तर कधीच नको.

ट्विच, म्हणजे वरच्या ओठाला आवळायचा दोरीचा फास, गुंगीची जागा घेऊ शकत नाही. सुरुवातीची पाचेक मिनिटं त्याने घोडा शांत होतो, ठोकेही कमी होतात. त्यानंतर तो त्रासच असतो. शिरेत सुई घालण्यापुरता तो ठीक. कानाला मात्र फास किंवा पिळा नको. त्याने घोडा फक्त घाबरतो आणि पुढे कित्येक दिवस डोक्याला हात लावू देत नाही.

औषधं

कामाचा कणा म्हणजे अल्फा-२ गट: झायलाझिन, डेटोमिडिन, रोमिफिडिन. झायलाझिन १९६२ साली बायर कंपनीत रक्तदाबावरचं औषध म्हणून शोधलं गेलं होतं; हे लक्षात ठेवलं की रक्तदाब आणि ठोके यांवरचे त्याचे परिणाम आपोआप समजतात. गुंगी, वेदनाशमन आणि स्नायू सैल करणं ही तिन्ही कामं हा गट करतो, पण वेदनाशमन गुंगीच्या आधी ओसरतं.

झायलाझिन शिरेतून ०.५ ते १.१ मिग्रॅ प्रति किलो, परिणाम अर्धा तास ते चाळीस मिनिटं. डेटोमिडिन शिरेतून १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति किलो, एक ते दीड तास. रोमिफिडिन ४० ते ८० मायक्रोग्रॅम प्रति किलो. यात घोडा कमी डुलतो, म्हणून नालबंदाच्या कामाला मला ते पसंत आहे. स्नायूत टोचायचं तर डोस साधारण दुप्पट आणि थांबणं वीस ते तीस मिनिटं. ज्याला सुईच लावता येत नाही अशा घोड्यासाठी डेटोमिडिनचं जेल आहे, ४० मायक्रोग्रॅम प्रति किलो. ते जिभेखालीच गेलं पाहिजे. गिळलं तर यकृतातच बरंचसं निकामी होतं. त्यानंतर किमान चाळीस मिनिटं थांबा. जेल हाताळताना हातमोजे घाला, कारण ते माणसाच्या त्वचेतूनही शोषलं जातं.

सोबत ब्युटॉर्फॅनॉल हे मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक ०.०१ ते ०.०२ मिग्रॅ प्रति किलो दिलं की गुंगी पक्की होते आणि अचानक दचकणं, लाथ मारणं कमी होतं. मात्र ते एकटं देऊ नका. न दुखणाऱ्या घोड्याला त्याने अस्वस्थपणा येतो, मान झटकणं सुरू होतं. मोठ्या शस्त्रक्रियेत त्याच्या जागी मॉर्फिन ०.१ मिग्रॅ प्रति किलो चालतं, तेही अल्फा-२ चा परिणाम दिसल्यावरच. दोन्हींनी आतड्यांची हालचाल मंदावते.

ॲसेप्रोमाझिन या शांत करणाऱ्या औषधाने दुखणंही थांबतं, हा गैरसमज अजून गेलेला नाही. ते वेदना जराही कमी करत नाही. शिरेतून ०.०२ ते ०.०५ मिग्रॅ प्रति किलो दिलं तरी परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तो काही तास टिकतो. अस्वस्थ घोड्याला अर्धा तास आधी दिलं तर पुढची गुंगी छान बसते, एवढाच त्याचा उपयोग. रक्तदाब उतरलेल्या घोड्याला ते घातक. प्रजननासाठी ठेवलेल्या नराला मी ते देत नाही. लिंग बाहेर येऊन तसंच राहण्याचा धोका विरळा असला तरी झालेलं नुकसान कायमचं असतं.

आता मापाचं बघू. ४५० किलोला डेटोमिडिन १० मायक्रोग्रॅमने ४.५ मिग्रॅ, म्हणजे १० मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून ०.४५ मिली. त्याला १ मिलीची सिरिंजच हवी; पाच मिलीच्या सिरिंजवर एवढं माप अचूक घेता येत नाही. ब्युटॉर्फॅनॉल ०.०२ ने ९ मिग्रॅ, म्हणजे १० मिग्रॅच्या बाटलीतून ०.९ मिली. झायलाझिन दोन शक्तींत मिळतं, २० मिग्रॅ आणि १०० मिग्रॅ प्रति मिली. ०.५ ने २२५ मिग्रॅ हवं असेल तर पहिल्यातून ११.२५ मिली आणि दुसऱ्यातून २.२५ मिली. बाटली बदलली आणि लेबल वाचलं नाही तर पाचपट डोस जाऊ शकतो. भरताना लेबल मोठ्याने वाचण्याची सवय लावून घ्या.

शिरेत सुई

मानेची शीर वरच्या अर्ध्या भागातच धरा. तिथे शीर आणि रोहिणी यांच्यामध्ये एक स्नायू आडवा असतो. खाली गळ्याकडे गेलं की दोन्ही चिकटून असतात. औषध रोहिणीत गेलं तर थेट मेंदूत जातं आणि घोडा काही सेकंदांत झटके येऊन कोसळतो. म्हणून सिरिंज न जोडता आधी नुसती सुई घाला, थोडी जाड असलेली, १८ गेजपेक्षा बारीक नाहीच. गडद रक्त शांतपणे टपकलं पाहिजे. लालभडक उसळलं तर सुई काढा आणि पाच मिनिटं जोरात दाबून धरा. सिरिंज जोडल्यावर पुन्हा ओढून बघा, मग सावकाश द्या. अर्ध्या तासापेक्षा लांबणारं काम असेल तर सुरुवातीलाच कॅथेटर बसवा.

मग हात मागे

औषध दिल्यापासून पाच मिनिटं घोड्याला कुणी हात लावायचा नाही, बोलायचं नाही, बादली वाजवायची नाही. या पाच मिनिटांत घाई करून बिघडवलेली गुंगी नंतर जादा औषधानेही नीट सावरत नाही. मान हळूहळू खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, कानांची टोकं बाजूला फाकतात, मागचे पाय रुंद होतात. नाकपुड्या जमिनीपासूनच्या मूळ उंचीच्या निम्म्यावर किंवा त्याखाली आल्या की गुंगी पुरेशी समजावी. गुडघे मोडू लागले, पाय एकमेकांत अडखळू लागले तर ती जास्त झाली. पाच मिनिटांनीही कमी वाटली तर पहिल्या डोसचा चौथा ते अर्धा भाग द्या, आणि पुन्हा थांबा.

लांब कामात दर वीस मिनिटांनी टोचत बसलात तर घोडा कधी जागा, कधी गळालेला अशी अवस्था होते. त्यापेक्षा ५०० मिली सलाईनमध्ये २० मिग्रॅ डेटोमिडिन घाला. एका मिलीत ४० मायक्रोग्रॅम झालं. पहिला डोस बसल्यावर १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति तास या वेगाने ४५० किलोला तासाला ११२ मिली लागतील, म्हणजे मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला ३७-३८ थेंब. मग मानेची उंची बघून दर पंधरा मिनिटांनी वेग कमी-जास्त करा. बहुतेक वेळा तो कमीच करावा लागतो.

भूल: खरं वेदनाशमन इथे होतं

इथे भूल म्हणजे तेवढीच जागा बधिर करणारं औषध. लिग्नोकेन २ टक्के पाच मिनिटांत लागू पडतं आणि तास-दीड तास टिकतं. मेपिव्हाकेन दीड ते दोन तास, आणि ऊतींना कमी झोंबतं. ब्युपिव्हाकेन उशिरा लागू पडतं पण चार ते सहा तास टिकतं, म्हणून काम संपल्यावरच्या वेदनेसाठी चांगलं. लिग्नोकेनची एकूण मात्रा ४ मिग्रॅ प्रति किलोच्या आत ठेवली तर निर्धास्त. ४५० किलोला ९० मिली. मोठ्या घोड्यात इतकं क्वचितच लागतं, पण लहान तट्टू आणि शिंगरांत ही मर्यादा चटकन गाठली जाते.

पापणी फाटलेल्या घोड्याचं उदाहरण घेऊ. डेटोमिडिन, ब्युटॉर्फॅनॉल, पाच मिनिटं, मग हनुवटी गवताच्या पेंढीवर टेकवा. गालाच्या हाडाच्या कमानीवर, डोळा आणि कान यांच्यामध्ये, सर्वांत उंच जागी बोट आडवं फिरवलं की कातडीखाली दोरीसारखी शीर सरकते. ती रक्तवाहिनी नसून मज्जातंतू आहे. तिथे २ ते ३ मिली लिग्नोकेन. याने पापणी मिटण्याची ताकद जाते, जाणीव मात्र तशीच राहते. इथेच पुष्कळजण फसतात: पापणी ढिली पडली म्हणून टाका घालायला जातात. जाणीव घालवण्यासाठी डोळ्यावरच्या हाडाच्या कमानीला अंगठा आणि मधल्या बोटात धरून नाकाकडे सरकत जा. हाड रुंद होतं तिथे मधोमध तर्जनीला छोटा खळगा लागतो. त्यावर २ मिली दिलं की वरच्या पापणीचा मधला मोठा भाग बधिर होतो. कोपरे आणि खालची पापणी उरतात. तिथे कडेच्या हाडालगत ओळीने थोडं थोडं द्या. पाच मिनिटांनी चिमट्याने कडा हलकेच दाबून बघा. फाटून लोंबणारा तुकडा कापून टाकू नका, कितीही मळकट दिसला तरी. पापणीची कडा आधी तंतोतंत जुळवा, मग बाकीचे टाके. भूल उतरेपर्यंत घोड्याला डोळा मिचकावता येत नाही, म्हणून वंगणाचं मलम घालत राहा.

उभ्याने खच्चीकरण करताना दोन्ही वृषण खाली उतरलेले आहेत आणि जांघेत आतडं उतरलेलं नाही याची गुंगीनंतर हाताने खात्री करा. प्रत्येक वृषणात १० ते २० मिली लिग्नोकेन, शिवाय छेदाच्या रेषेत कातडीखाली. वृषणातलं औषध वर वृषणरज्जूपर्यंत, म्हणजे वृषण ज्या दोरीला लटकतो तिथपर्यंत, चढायला दहा मिनिटं लागतात, ती द्या. धनुर्वाताची लस आधी झालेली हवी.

दातांच्या कामात खालच्या जबड्याच्या मुख्य मज्जातंतूला भूल देताना जिभेचा मज्जातंतूही बधिर होऊ शकतो, आणि मग घोडा स्वतःचीच जीभ चावून फाडतो. भूल पूर्ण उतरेपर्यंत त्याला खायला देऊ नका. पायाच्या बाबतीत एकच बजावतो: हाड मोडल्याचा संशय असेल तर तो पाय बधिर करू नका. दुखेनासं झालं की घोडा त्यावर पूर्ण भार टाकतो आणि सांधता आलं असतं ते हाड चुरा होतं.

शेपटीच्या मुळाशी

अंग बाहेर येणं, प्रसूतीत फाटलेला भाग शिवणं, शेपटीचं काम, यांसाठी शेपटीच्या मुळाशी मणक्यांमध्ये दिलेली भूल फार उपयोगी. घोडा दोन्ही मागच्या पायांवर सारखा भार टाकून उभा हवा. केस भादरा, शस्त्रक्रियेसारखी स्वच्छता करा. शेपटीचा दांडा पंपाच्या दांड्यासारखा वर-खाली करा. लांब केस सुरू होतात त्याच्या थोडं वर जो पहिला हलणारा सांधा बोटाला लागतो, ती जागा. कातडीत थोडं लिग्नोकेन देऊन १८ गेजची सुई मध्यरेषेत घाला. सुईच्या तोंडाशी सलाईनचा थेंब ठेवला तर योग्य पोकळीत पोहोचल्यावर तो आत ओढला जातो, आणि औषध विनाजोर जातं.

लिग्नोकेन २ टक्के ५ ते ७ मिली. त्याहून जास्त दिलं तर औषध पुढे सरकून मागच्या पायांची ताकद जाते, आणि मागचे पाय गेल्याचं कळताच घोडा अक्षरशः वेडापिसा होतो. भूल कमी वाटली म्हणून लगेच दुसरा डोस देऊ नका. झायलाझिन ०.१७ मिग्रॅ प्रति किलो सलाईनमध्ये मिळवून एकूण १० मिलीच्या आत दिलं तर तीनेक तास वेदनाशमन मिळतं आणि पाय बऱ्यापैकी शाबूत राहतात. मॉर्फिन ०.१ मिग्रॅ प्रति किलो इथे दिलं तर परिणाम उशिरा सुरू होतो पण अर्ध्या दिवसाहून जास्त टिकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीसाठी मला त्याच्याइतकं दुसरं काही आवडत नाही.

काम चालू असताना

एक माणूस फक्त घोड्यावर नजर ठेवायला हवा. दर पाच मिनिटांनी ठोके, श्वास, हिरड्या. अल्फा-२ नंतर ठोके मिनिटाला पंचविसाच्या आसपास येणं, एखादा गळणं अपेक्षित आहे. हिरड्या गुलाबी असतील तर ठोके वाढवणारं ॲट्रोपिन टोचू नका. त्याने रक्तदाब आणखी चढतो आणि आतडी थंड पडून पोटशूळ उठू शकतो. मान फार वेळ खाली लोंबली तर नाकाच्या आतल्या भागाला सूज येते आणि श्वासाला घरघर लागते, म्हणून डोकं किमान छातीच्या पातळीवर टेकवून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात भरपूर लघवी होते. निर्जंतुक कापड कुठे पसरायचं ते आधीच ठरवा.

सूज आणि वेदना कमी करणारं औषध काम सुरू होण्याआधीच दिलेलं बरं. फ्लुनिक्सिन १.१ मिग्रॅ प्रति किलो, फेनिलब्युटाझोन ४.४, किंवा मेलॉक्सिकॅम ०.६, यांपैकी एकच, दोन एकत्र नाहीत. फ्लुनिक्सिन स्नायूत टोचू नका, लेबलवर परवानगी असली तरी. त्या जागी जंतू वाढून स्नायू सडल्याने घोडे गेलेले आहेत. फेनिलब्युटाझोन शिरेबाहेर सांडलं तर मानेची कातडी झडते. पाणी कमी झालेल्या घोड्यात या सगळ्यांनी मूत्रपिंडं धोक्यात येतात. शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला दिलेल्या प्रत्येक औषधाची वेळेसह नोंद करा.

शुद्धीवर येताना

कानातले बोळे काढा. समोरचं गवत, खाद्य, अंथरलेला पेंढासुद्धा हटवा, किंवा तोंडाला मुसकं बांधा. अर्धवट गुंगीत खाल्लेला घास अन्ननलिकेत अडकतो. मान पूर्ण वर उचलून घोडा आजूबाजूला नीट बघू लागला, हाकेला कान टवकारू लागला, म्हणजे साधारण दोन तासांनी, आधी पाणी आणि मग थोडं ओलं गवत द्या. सरळ रेषेत आणि वळणावर न अडखळता चालेपर्यंत गाडीत चढवू नका. नराचं लिंग आत गेलं का ते बघा; काही तासांनीही बाहेरच असेल तर पट्टीने आधार देऊन लगेच उपचार सुरू करा.

वेदना पुन्हा तपासा ती गुंगी पूर्ण उतरल्यावर, कारण गुंगीतला चेहरा काही सांगत नाही. २०१४ साली मांडलेल्या चेहऱ्याच्या मोजपट्टीत सहा गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण आहेत: ताठ मागे वळलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यावरचा ताण, फुगलेले जबड्याचे स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. कामाआधी एकदा गुण लिहून ठेवले असतील तर नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. मोतद्दाराला हे सहा मुद्दे दाखवून ठेवा. रात्री तबेल्यात तोच असतो. पुढचे चोवीस तास लीद किती वेळा पडते तेही त्यालाच लिहायला सांगा. बारा तासांत एकदाही पडली नाही, किंवा घोडा पोटाकडे वळून बघू लागला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायला सांगा.